आनंदीबाईंनी निवडलेले विद्यालय

सह्याद्रीच्या पायथ्याशी, सावित्री नदीच्या काठी, पोलादपूर आणि महाड ही दोन गावे आहेत. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावलेली ही नदी प्रथम पोलादपूर व मग महाड ओलांडून बाणकोटच्या खाडीवाटे समुद्रास मिळते. दीडशे वर्षांपूर्वी हा मुलूख कुलाबा जिल्ह्यात मोडत असे. १९८१ साली या जिल्ह्यास रायगड हे नाव मिळाले. त्या काळी गलबते खाडीने थेट दासगाव-महाडपर्यंत येत. परंतु डोंगरातल्या वाड्यांना पायवाटेवाचून दुसरा मार्ग नव्हता. आषाढात ओढे फुगले की तीही वाट बंद होई. अशा वाडीत एखादी बाई प्रसूतीच्या वेळी अडली, तर तिच्या उशाशी सुईण बसे, घरातील वडील बाई अंगारा लावी, आणि पुष्कळ झाले तर कोणी वैद्याकडे धाव घेई. पाश्चात्त्य वैद्यक शिकलेला डॉक्टर दूर शहरात. तो कोठून आलाच, तरी परपुरुषाने अंगास हात लावण्यापेक्षा मरण बरे, अशी कुलीन घरांतील स्त्रियांची समजूत होती. स्त्रियांना तपासावयास स्त्री-डॉक्टर पाहिजे, आणि हिंदू स्त्री तर डॉक्टर होऊच शकत नव्हती. या कोंडीमुळे किती माता व किती अर्भके दगावली, याची मोजदाद कोणीच ठेवली नाही.

याच कुलाबा जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी, अलिबागेस, १८७० नंतरच्या दशकात पोस्टातील एका कारकुनाच्या घरी एक लहान मुलगी अभ्यासास बसत असे. तिचे माहेरचे नाव यमुना. कल्याणच्या जोशी घराण्यात ३१ मार्च १८६५ रोजी तिचा जन्म झाला. नवव्या वर्षी तिचे लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झाले आणि ती आनंदी झाली. गोपाळराव बिजवर होते, वयाने तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे. बायकोने शिकले पाहिजे, हा त्यांचा एकच ध्यास. या ध्यासापायी ते कधी कधी कठोर होत, अभ्यास चुकला तर हातही उगारीत. आज ते वाचताना आपल्याला वाईट वाटल्यावाचून राहत नाही. तरीही ज्या काळी मुलीच्या हाती पुस्तक दिसणे हाच गुन्हा होता, त्या काळी त्यांनी तिच्या हाती पुस्तक दिले.

वयाच्या चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो दहा दिवसच जगला. वेळेवर योग्य उपचार मिळते, तर तो वाचला असता, ही खंत त्यांच्या मनातून कधीच गेली नाही. डोंगरातील वाडी असो की गावातील चांगले घर, बाळंतिणीच्या खोलीपर्यंत डॉक्टर पोहोचत नाही, हे त्यांनी स्वतः भोगले होते. आपण डॉक्टर व्हावयाचे, हा निश्चय येथून दृढ होत गेला.

गोपाळरावांच्या बदल्या होत गेल्या, तशी आनंदीबाईंची बिऱ्हाडे बदलली. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज आणि शेवटी कलकत्ता व श्रीरामपूर अशी ही भ्रमंती. मुंबईस त्या पायी शाळेत जात, तेव्हा लोक भोवती जमत व हसत. ओसरीवर बसलेली प्रतिष्ठित माणसे टोमणे मारीत, खडे फेकीत. दुकानदार त्यांना पाहून थुंकत. बंगालमध्येही रस्त्याने चालणाऱ्या या मराठी स्त्रीला उपहास चुकला नाही. शिक्षण म्हणजे केवळ पुस्तक व शिक्षक नव्हे. शाळेपर्यंतचा रस्ताही त्यात येतो, हे त्या लहान वयातच शिकल्या.

आता प्रश्न होता तो कोठे शिकावयाचे याचा. आणि आनंदीबाईंच्या बुद्धीची खरी ओळख येथेच पटते.

त्या वेळी हिंदुस्थानात नावाजलेली वैद्यकीय विद्यालये नव्हती, असे नाही. कलकत्त्याचे व मद्रासचे, ही दोन्ही विद्यालये १८३५ साली निघाली होती. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालचे. त्यांतून बाहेर पडलेल्या डॉक्टरांची कीर्ती दूरवर पसरली होती. मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड हे ग्रँट कॉलेजच्या अगदी पहिल्या तुकडीचे. पण ही कीर्ती पुरुष विद्यार्थ्यांची होती. १८८३ सालच्या आरंभी ग्रँट कॉलेजची दारे स्त्रियांना उघडली गेली नव्हती. ती थोड्याच अवधीत उघडावयाची होती. मद्रासने मात्र १८७५ सालीच चार स्त्रियांना प्रवेश दिला होता. तेव्हा शहाण्यासुरत्या माणसांनी आनंदीबाईंना विचारले, की घरचे विद्यालय असताना सातासमुद्रापलीकडे जाण्याचा हा हट्ट कशासाठी?

या प्रश्नाचे उत्तर त्यांनी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात दिले. अठराव्या वर्षात असलेली एक हिंदू स्त्री भरसभेत इंग्रजीत व्याख्यान देते, हीच त्या काळी नवलाची गोष्ट होती. परंतु व्याख्यान नवलासाठी नव्हते. त्यात एकेका आक्षेपास मुद्देसूद उत्तर होते. या देशात स्त्रियांना मिळणारे वैद्यकीय शिक्षण अपुरे आहे, सुईणपणाचे वर्ग म्हणजे वैद्यक नव्हे, शिकविणारे जुन्या वळणाचे असून त्यांच्या मनात थोडाफार मत्सरही आहे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. त्याहून मोठा मुद्दा होता तो राहण्या-वागण्याचा. जी स्त्री ख्रिस्ती नाही, ब्राह्मसमाजी नाही, आपल्या आचाराने राहू इच्छिते, तिने येथे कोठे राहावे, कोणाच्या सोबतीने जावे-यावे? मुंबईच्या रस्त्यावरचे ते खडे त्यांनी या सभेतही सांगितले. धर्म न सोडता जाईन व धर्म न सोडता परत येईन, हेही त्यांनी निक्षून सांगितले.

आपण शाळा निवडताना बहुधा काय पाहतो? इमारत किती मोठी, निकाल किती टक्के, कोणकोण मोठी माणसे तेथे शिकली. हे सारे खरेच असते; परंतु ते इतरांचे असते. आपल्यासारख्या विद्यार्थ्याला तेथे कसे वागवतात, हा प्रश्न फारच थोडे विचारतात. आनंदीबाईंनी तो प्रथम विचारला. त्या वेळी त्यांचा प्रश्न अवास्तव नव्हता, याचा दाखला लवकरच मिळाला. कादंबिनी गांगुली यांना पुढे कलकत्त्याच्या विद्यालयात प्रवेश मिळाला खरा; पण तेथील काही अध्यापकांचा स्त्रियांना शिकविण्यासच विरोध होता आणि कादंबिनीबाईंना तो सोसूनच शिक्षण पुरे करावे लागले.

आनंदीबाईंची दृष्टी अमेरिकेकडे वळली, ती थोडी योगायोगाने. कोल्हापुरास असताना गोपाळरावांनी एका अमेरिकन मिशनऱ्यास पत्र लिहिले होते, आणि ते तेथील एका मासिकात छापून आले. न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी ते दंतवैद्याच्या दिवाणखान्यात बसल्या बसल्या वाचले. त्यांनी आपण होऊन पत्र धाडले आणि दोघींचा पत्रव्यवहार जुळला. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघालेल्या आनंदीबाई, पती बरोबर नसता, ४ जून रोजी न्यूयॉर्कला उतरल्या. आणि ही मावशी त्यांना घेण्यासाठी हजर होती.

फिलाडेल्फिया शहरातील पेनसिल्व्हेनियाचे स्त्रियांचे वैद्यकीय विद्यालय १८५० साली स्थापन झाले होते. जगात केवळ स्त्रियांना वैद्यक शिकविणाऱ्या आद्य संस्थांत त्याची गणना होते. पण त्याची कीर्ती स्वस्तात मिळालेली नव्हती. शहरातील रुग्णालये विद्यार्थिनींना रोग्यांजवळ येऊ देत ना, म्हणून १८६१ साली स्त्रियांचे स्वतंत्र रुग्णालय उभारावे लागले. १८६९ साली या विद्यार्थिनी एका मोठ्या रुग्णालयात व्याख्यानास गेल्या असता पुरुष विद्यार्थ्यांनी त्यांची हुर्यो उडविली, त्यांच्यावर थुंकले आणि रस्त्याने दगड मारले. मुंबईच्या खड्यांचे हे फिलाडेल्फियातील भावंडच म्हणावयाचे. फरक इतकाच, की येथे दगड खाणारी स्त्री एकटी नव्हती. तिच्या पाठीशी अख्खे विद्यालय उभे होते, आणि ते चालविणाऱ्या बायकांनी स्वतः हेच भोगलेले होते.

विद्यालयाच्या अधिष्ठात्री रेचल बॉड्ली या रसायनशास्त्राच्या अध्यापिका होत. आनंदीबाईंनी त्यांना जे प्रवेशपत्र लिहिले, त्यात आपला हेतू लपविला नाही. पुरुष डॉक्टरच्या हातून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींना साहाय्य करावयाचे आहे, एवढेच त्यांचे मागणे. शाळेची प्रमाणपत्रे फारशी नव्हती. तरी विद्यालयाने त्यांना प्रवेश दिला, शिष्यवृत्तीही दिली. १८८३ च्या ऑक्टोबरात अभ्यास सुरू झाला. प्रसूतिशास्त्राच्या अध्यापिका ॲना ब्रूमॉल त्या विषयात निष्णात म्हणून प्रसिद्ध होत्या. शवविच्छेदनासारखी कामे सोवळ्या घरातील या मुलीने मन घट्ट करून केली. सोबतीस नाना देशांच्या मुली होत्या. जपानच्या केई ओकामी व दमास्कसच्या सबात इस्लामबूली यांच्यासह १८८५ साली काढलेले त्यांचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. तिघीही आपापल्या देशाच्या वेषात आहेत.

येथवर पाहता निवड अगदी अचूक ठरली, असे वाटेल. अध्यापन उत्तम, अधिष्ठात्री मायाळू, उपहास नाही, धर्म सोडण्याची सक्ती नाही. परंतु विद्यालयाच्या कीर्तीत जे मावत नाही, ते विद्यार्थ्याच्या खोलीत असते. आनंदीबाईंच्या खोलीतील शेकोटी नीट नव्हती. पेटवावी तर खोली धुराने भरे. न पेटवावी तर फिलाडेल्फियाची हाडे गोठविणारी थंडी. धूर की थंडी, एवढीच निवड होती. महाराष्ट्रात वाढलेल्या, नऊवारी नेसणाऱ्या त्या मुलीला बर्फ कसले ते ठाऊक नव्हते. पुढे थंडीपासून बचाव व्हावा म्हणून तिने गुजराती पद्धतीने लुगडे नेसण्यास आरंभ केला. मांसाहार वर्ज्य, त्यामुळे जेवणाचे हाल. स्वतः रांधावे, तर अभ्यासातून वेळ काढावा लागे. प्रकृती खंगत गेली आणि हळूहळू क्षयाने शरीरात घर केले.

यात दोष कोणाचा? विद्यालयाने त्यांचा दुस्वास केला नाही. त्यांच्याइतका आदर त्यांना स्वदेशातील कोणत्याही संस्थेने दिला नसता. पण मायाळू माणसांनाही दूर देशाच्या मुलीची प्रत्येक अडचण दिसतेच असे नाही, आणि तक्रार करण्याचा आनंदीबाईंचा स्वभाव नव्हता. आपण हरलो, तर यापुढे हिंदू स्त्रीस कोणी विद्यालयात घेणार नाही, हे ओझे त्या वाहत होत्या. धुराबद्दल कुरकुर करणे त्यांना बहुधा क्षुल्लक वाटले असावे. ते क्षुल्लक नव्हते.

तीन वर्षे अशी गेली. हिंदू आर्यांतील प्रसूतिशास्त्र या विषयावर त्यांनी प्रबंध लिहिला; जुन्या संस्कृत ग्रंथांतील ज्ञान आणि नवे वैद्यक दोन्ही त्यात आली. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम. डी. ही पदवी मिळाली. पदवीदान समारंभास पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या. बॉड्लीबाईंनी ही वार्ता व्हिक्टोरिया राणीस कळविली आणि राणीकडून अभिनंदन आले. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळविणारी ही पहिली हिंदू स्त्री एकविसाव्या वर्षात होती.

कोल्हापूर संस्थानाने त्यांना आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागाचे प्रमुखपद देऊ केले आणि त्यांनी ते स्वीकारले. १८८६ च्या नोव्हेंबरात त्या मुंबईस परतल्या. त्याच वर्षी मुंबईत स्त्रियांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले होते. ज्या कामासाठी एवढा प्रवास केला, ते काम आता समोर होते. पण कोल्हापूरच्या त्या विभागात पाऊल ठेवण्याइतकेही बळ अंगात राहिले नव्हते. पुण्यास औषधोपचार झाले, गुण आला नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्ष पुरे होण्यापूर्वीच, त्यांचा अंत झाला. डॉक्टर आनंदीबाईंच्या हातून आपल्या देशातील एकही रुग्णालय चालले नाही.

तथापि फिलाडेल्फियाचा तो रस्ता बंद झाला नाही. गुरुबाई करमरकर या दुसऱ्या मराठी स्त्रीने त्याच विद्यालयात शिकून १८९२ साली पदवी घेतली आणि मुंबईस परतून पुष्कळ वर्षे स्त्रियांची व मुलांची शुश्रूषा केली. रखमाबाई लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिकल्या आणि त्यांनी सुरत व राजकोट येथे रुग्णालये सांभाळली. ज्या अलिबागेस आनंदीबाईंनी अभ्यासाचे धडे गिरविले, तेथे २०२१-२२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. महाड-पोलादपूरच्या वाड्यांतून एखादी मुलगी आज डॉक्टर होण्यास निघाली, तर तिला समुद्र ओलांडावा लागत नाही.

आनंदीबाईंच्या अस्थी गोपाळरावांनी अमेरिकेस कार्पेंटरबाईंकडे पाठविल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी गावच्या स्मशानभूमीत, आपल्या कुटुंबाच्या जागेत, मावशीने त्या पुरल्या आणि वर नावाचा दगड बसविला.