पावसाळ्यात जुहूचं विमानतळ बुडायचं, मग जेआरडी टाटा विमानं घेऊन पुण्याला यायचे

नाशिक रोडला राहणाऱ्यांना लष्कराची हेलिकॉप्टरं नवीन नाहीत. गांधीनगरच्या तळावर ती जागच्या जागी उतरतात. विमानाचं तसं नसतं. चाकं टेकल्यावरही त्याला थांबायला जागा लागते. ती कमी पडली की विमान धावपट्टीच्या बाहेर जातं.

छोट्या खासगी विमानांचे असे अपघात आजही होतात. १४ सप्टेंबर २०२३ ला मुंबईत भर पावसात उतरताना एक लिअरजेट धावपट्टीवरून घसरलं आणि त्याचे तुकडे झाले. आतले आठही जण वाचले, हे नशीब.

आता विचार करा, ९० वर्षांपूर्वी याच मुंबईत, पक्की धावपट्टी नसताना विमान कसं उतरवत असतील? त्यासाठी जेआरडी टाटांची गोष्ट माहीत हवी.

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ चा, पॅरिसचा. सुट्टीत कुटुंब फ्रान्समधल्या हार्डेलोला जायचं. तिथे शेजारी होते लुई ब्लेरिओ, विमानातून इंग्लिश खाडी ओलांडणारे पहिले वैमानिक. तिथल्या वाळूवर उतरणारी विमानं बघूनच जेआरडींना उडायचं वेड लागलं. १० फेब्रुवारी १९२९ ला त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला तो पहिला परवाना.

१५ ऑक्टोबर १९३२ ला ते टपाल घेऊन कराचीहून निघाले. सोबत कुणी नाही. अहमदाबादला थांबून दुपारी जुहूला उतरले. टाटांची विमानसेवा सुरू झाली ती अशी.

विमान होतं छोटंसं पस मॉथ. वेग कमी करायला त्यात एक साधी युक्ती होती. चाकांच्या दांड्यांवरची आवरणं आडवी फिरवायची, म्हणजे हवेचा अडथळा वाढतो आणि विमान कमी जागेत उतरतं.

मग अडचण काय होती?

पाऊस. जुहू म्हणजे समुद्राकाठचं चिखलाचं मैदान. पावसाळ्यात ते पाण्याखाली जायचं.

इथे थोडं गणित बघा. उतरताना वेग १० टक्के जास्त असला तर थांबायला साधारण २० टक्के जास्त अंतर लागतं. जमीन ओली असेल तर आणखी जास्त. चाकं उशिरा टेकली तर मागे राहिलेली जागा वायाच जाते.

जेआरडींनी जुहूच्या चिखलाशी झुंज घेतली नाही. पावसाळा आला की विमानं, पायलट, मेकॅनिक असा सगळा बाडबिस्तरा पुण्याला हलायचा. विमानं येरवडा तुरुंगाजवळच्या मैदानावर उतरायची.

यामुळे टपालाला उशीर झाला का? अजिबात नाही. पहिल्या वर्षी विमानं १ लाख ६० हजार मैल उडाली आणि वक्तशीरपणा होता १०० टक्के. सह्याद्रीवरचे ढगही त्यातच आले.

पुढे १९४६ मध्ये या कंपनीची एअर इंडिया झाली, १९५३ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली. १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी जेआरडींनी कराची ते जुहू हा प्रवास पुन्हा एकट्याने केला. १९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. २९ नोव्हेंबर १९९३ ला जिनिव्हात त्यांचं निधन झालं.

आज खासगी विमानात बसणाऱ्याला बहुतेक वेळा घाई असते. अशा वेळी पायलट म्हणाला, इथे पाऊस फार आहे, दुसरीकडे उतरू, तर चिडू नका. वेळेच्या बाबतीत इतके काटेकोर असलेले जेआरडीही दर पावसाळ्यात तेच करत होते.