व्होल्ट ज्यांच्या नावाचा, ते अलेस्सांद्रो व्होल्टा



आगमनकाळ सुरू झाला आणि यंदाच्या गोठ्याचे काम निघाले. आपल्या तरुणांनी बेथलेहेमच्या जागी असोदा गाव उभे करायचे ठरवले आहे. धाब्याची मातीची घरे, विहीर, केळीची बाग, कापसाची बैलगाडी आणि गावाच्या कडेला प्रभूचा गोठा. असोदा हे बहिणाबाई चौधरींचे माहेर, म्हणून एका घरासमोर जातेही मांडायचे आहे. प्रत्येक घरात एक छोटा दिवा. त्यासाठी आणलेल्या अडॅप्टरवर 12 व्होल्ट असे छापलेले पाहून धर्मशिक्षणाच्या वर्गातील एका मुलाने मला विचारले, की व्होल्ट म्हणजे काय. मी म्हटले की ते एका माणसाचे नाव आहे, आणि तो माणूस तुझ्याएवढ्या मुलांना धर्मशिक्षण देत असे. त्याला ते खरे वाटले नाही. म्हणून हा लेख.

अलेस्सांद्रो व्होल्टा यांचा जन्म 18 फेब्रुवारी 1745 रोजी इटलीतील कोमो या तळ्याकाठच्या गावी झाला. घराणे धर्मनिष्ठ. वडील फिलिप्पो हे येशूसंघात अकरा वर्षे राहून नंतर संसारात परतले होते. तिघे काका धर्मसेवेत होते, आणि भावंडांपैकीही बरेच जण पुढे धर्मसेवेत गेले. अलेस्सांद्रो मात्र चार वर्षांचा होईपर्यंत बोलेना, तेव्हा घरच्यांनी आशा सोडली होती. सात वर्षांचा असताना वडील वारले. काकांनी त्याला कोमोतील येशूसंघीयांच्या शाळेत घातले. तेथील तत्त्वज्ञानाच्या गुरूंनी त्याला येशूसंघात ओढायचा इतका आग्रह धरला, की काकांनी त्याला शाळेतूनच काढून घेतले! (पाचारण ओढून आणता येत नाही, हे आम्हा धर्मगुरूंनी लक्षात ठेवावे.)

घरच्यांना वकील हवा होता, मुलाला वीज हवी होती. 1774 मध्ये व्होल्टा कोमोच्या शाळेत लागले आणि 1778 पासून पाव्हिया विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवू लागले. 1776 मध्ये त्यांनी माज्जोरे तळ्याच्या दलदलीतला चिखल काठीने ढवळून वर येणारे बुडबुडे बाटलीत भरले. तो वायू जळतो हे त्यांनी दाखवले. तो मिथेन, म्हणजे आपल्याकडे गोबरगॅसच्या टाकीत तयार होतो तोच. बटाट्याची लागवड लोंबार्डीत रुजवण्यातही त्यांचा हात होता.

आता मुख्य गोष्ट. 1791 मध्ये बोलोन्याचे प्राध्यापक लुईजी गाल्वानी यांनी प्रसिद्ध केले, की मेलेल्या बेडकाच्या पायाला दोन वेगवेगळ्या धातूंचा स्पर्श केला की पाय झटका देतो. त्यांच्या मते ही वीज प्राण्याच्या शरीरातली होती. व्होल्टांनी आधी ते मान्य केले. मग स्वतः प्रयोग करता करता त्यांना शंका आली. त्यांनी जिभेवर दोन निरनिराळे धातू ठेवून एकमेकांना टेकवले, तर आंबट चव आली. बेडूक नव्हताच, तरी वीज होती. म्हणजे उगम धातूंत, बेडूक केवळ ती दाखवणारा. कारण कोणते आणि निमित्त कोणते, हा तत्त्वज्ञानाच्या वर्गातला आमचा जुना वाद. येथे तो बेडकाच्या पायावर चालला होता.

वाद काही वर्षे रंगला. दोघेही श्रद्धावंत कॅथलिक. ज्या संत फ्रान्सिसने 1223 मध्ये ग्रेच्चो येथे पहिला प्रसिद्ध गोठा मांडला, त्याच्याच तृतीय संघाचे गाल्वानी सदस्य होते. 1798 मध्ये नव्या राजवटीची शपथ घ्यायला नकार दिल्याने त्यांची नोकरी गेली आणि त्याच वर्षी डिसेंबरात ते वारले. व्होल्टांचा विजय झाला तो पाहायला ते उरले नाहीत. आणि आज आपण जाणतो, की मज्जातंतूंत खरोखरच वीज वाहते. म्हणजे गाल्वानीही पूर्ण चुकलेले नव्हते. मला या गोष्टीत सर्वात जास्त हेच बोचते.

20 मार्च 1800 रोजी व्होल्टांनी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र लिहून आपला शोध कळवला. चांदी किंवा तांब्याची चकती, तिच्यावर जस्ताची चकती, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, पुन्हा तसेच, अशी उतरंड. एका जोडीची शक्ती जेमतेम एक व्होल्ट. पण एकावर एक रचत गेले की ती मिळत जाते. टॉर्चमध्ये दीड व्होल्टचे तीन सेल ओळीने घातले की साडेचार होतात, ते याच हिशेबाने. 1801 मध्ये पॅरिसला नेपोलियनसमोर प्रयोग झाले, सुवर्णपदक मिळाले, पुढे काउंट ही पदवीही मिळाली.

हे सगळे होत असताना कोमोच्या संत दोन्नीनोच्या देवळात हा काउंट मिस्साला येत असे आणि मुलांना धर्मशिक्षण देत असे. 1814 मध्ये त्यांचा मुलगा फ्लामिनियो ऐन तारुण्यात वारला. त्यानंतर, 1815 च्या जानेवारीत, चिचेरी नावाच्या धर्मगुरूंनी त्यांच्याकडे एक विनंती केली. ते एका मरणासन्न माणसाची समजूत घालत होते. धर्म अडाण्यांसाठी असतो, असे त्याचे म्हणणे. व्होल्टांचे उदाहरण दिले, तर तो म्हणाला की ते केवळ दिखाव्यासाठी देवळात जातात. व्होल्टांनी रागावता आपली श्रद्धा कागदावर लिहून दिली. आपण ही श्रद्धा देवाची देणगी मानतो, विरुद्ध बाजूचे ग्रंथही वाचून पाहिले आहेत आणि तिची आपल्याला लाज वाटत नाही, असा त्याचा आशय. पुत्रशोक ताजा असताना हे लिहिले, हे मी विसरू शकत नाही.

5 मार्च 1827 रोजी ते 82 व्या वर्षी निवर्तले. 1881 मध्ये पॅरिसच्या विद्युत परिषदेने विजेच्या दाबाच्या एककाला त्यांचे नाव दिले. असोद्यात बहिणाबाई जन्मल्या त्याच्या पुढच्या वर्षी. आणि त्याच्या पुढच्या, 1882 च्या नाताळात, न्यूयॉर्कला एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी नाताळच्या झाडावर 80 विजेचे दिवे लावले.

आता आपल्या गोठ्याकडे. बाजारातली जुनी माळ थेट 230 व्होल्टवर चालते. दिवे ओळीत असल्याने एकेका दिव्याला थोडेच व्होल्ट मिळतात, म्हणून ती निरुपद्रवी वाटते. पण एखादा दिवा निघाला, की त्या रिकाम्या जागी बोट घालणाऱ्या मुलाला पुरा 230 चा धक्का बसू शकतो. शिवाय भोवती कडबा आणि कापूस. म्हणून यंदा चांगल्या प्रतीचा 12 व्होल्टचा अडॅप्टर, प्रत्येक घराला वेगळी जोडणी व वेगळे बटण, आणि प्रत्येक एलईडीला स्वतंत्र रोधक, कारण पांढऱ्या एलईडीला सुमारे तीन व्होल्ट पुरतात आणि लाल दिव्याला दोनच. एक घर विझले तरी बाकीचे गाव उजळलेले राहील. प्रभूच्या गव्हाणीतला दिवा मात्र तीन सेलवर आहे. मध्यरात्रीच्या मिस्सात ऐन गौरवगीताच्या वेळी वीज गेली, तरी तो लागला पाहिजे. सेल अजून आणलेले नाहीत. जळगावला जाणाऱ्याने कृपया आठवणीने आणावेत.