फ्रँक लॉइड राइट

फ्रँक लॉइड राइट (८ जून १८६७ – ९ एप्रिल १९५९) हे अमेरिकन वास्तुविशारद होते. इमारत ही तेथील जमीन, हवामान आणि हाताशी असलेले साहित्य यांतून घडावी, हा विचार त्यांनी ‘सेंद्रिय वास्तुकला’ या नावाने मांडला. ‘पर्यावरणपूरक’ हा शब्द त्यांच्या काळी रूढ नव्हता. तरीही डोंगरउतारावरील घराचा नमुना म्हणून त्यांचे विस्कॉन्सिन राज्यातील ‘टॅलिएसिन’ हे निवासस्थान आजही अभ्यासले जाते.

पूर्वायुष्य

राइट यांचा जन्म विस्कॉन्सिनमधील रिचलंड सेंटर येथे झाला. आई ॲना लॉइड जोन्स या वेल्श कुटुंबातील होत्या. स्प्रिंग ग्रीनजवळच्या दरीत राइट यांचे आजोळ होते. मामाच्या शेतावर राबताना तेथील टेकड्या आणि चुनखडकाचे थर त्यांच्या परिचयाचे झाले. शिकागो येथे लुई सलिव्हन यांच्या हाताखाली काम केल्यावर १८९३ मध्ये त्यांनी स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. पुढे आडव्या ठेवणीच्या ‘प्रेअरी’ घरांमुळे त्यांचा लौकिक झाला.

१९०९ मध्ये पत्नी व सहा मुलांना मागे ठेवून ते मेमा बोर्थविक यांच्यासह युरोपला गेले. या प्रकरणी त्यांच्यावर बरीच टीका झाली. परतल्यावर १९११ मध्ये त्यांनी आजोळच्या दरीतच घर बांधावयास घेतले.

टॅलिएसिन

टॅलिएसिन हे एका प्राचीन वेल्श कवीचे नाव असून त्याचा अर्थ ‘तेजस्वी कपाळ’ असा होतो. नावाप्रमाणेच हे घर टेकडीच्या माथ्यावर नसून माथ्याखाली, जणू तिच्या कपाळावर वसलेले आहे. माथ्यावर बांधल्यास टेकडीच हरवते, अशी राइट यांची धारणा होती. जवळच्या खाणीतील चुनखडक भिंतींत रचताना तो खाणीत जसा थराथरांनी आढळतो तसाच, काही दगड पुढे काढून, बसविला. गिलाव्यासाठी विस्कॉन्सिन नदीची वाळू वापरली. घराचे भाग चढउताराला धरून अंगणांभोवती पसरले आहेत. ओढ्यावर बंधारा घालून पाणी टेकडीवरील टाकीत चढविण्याची सोयही केलेली होती.

१५ ऑगस्ट १९१४ रोजी राइट शिकागोत असताना एका नोकराने घराला आग लावून मेमा, त्यांची दोन मुले आणि अन्य चौघे अशा सात जणांची हत्या केली. निवासाचा भाग भस्मसात झाला. राइट यांनी त्याच जागी घर पुन्हा उभारले. १९२५ मध्ये विजेच्या दोषामुळे ते पुन्हा जळाले. तिसऱ्या उभारणीत आगीत होरपळलेले दगडही नव्या भिंतींत बसविण्यात आले. पुढे कर्जापायी घर काही काळ बँकेच्या ताब्यात गेले. १९३२ पासून तेथे शिष्य राहू लागले. शेती, स्वयंपाक, दगडकाम आणि रेखाटन हे सर्व त्यांच्या शिक्षणाचा भाग होते.

हे घर निर्दोष होते असे मात्र म्हणता येत नाही. छपरे गळत, हिवाळ्यात खोल्या उबदार ठेवणे कठीण जाई, आणि सतत बदल करण्याच्या राइट यांच्या सवयीमुळे पुष्कळसे काम कच्चेच राहिले.

अन्य घरे

पेनसिल्व्हेनियातील धबधब्यावरचे ‘फॉलिंगवॉटर’ (१९३०चे दशक) अधिक प्रसिद्ध आहे. परंतु त्याचे पुढे आलेले काँक्रीटचे सज्जे कालांतराने झुकले व त्यांना आधार द्यावा लागला. ऊर्जाबचतीच्या दृष्टीने पत्रकार हर्बर्ट जेकब्ज यांच्यासाठी १९४०च्या दशकात बांधलेले, विस्कॉन्सिनमधील दुसरे घर अधिक उद्बोधक ठरते. अर्धवर्तुळाकार वळणाच्या या घराला दक्षिणेकडे काच असून उत्तरेच्या भिंतीला मातीचा भराव दिलेला आहे. हिवाळ्यातील कलते ऊन आत खोलवर येते, उन्हाळ्यातील ऊन छपराचा पुढे आलेला भाग अडवितो, आणि भरावामुळे थंड वारा बाहेरच राहतो.

मृत्यू

राइट यांचे निधन ॲरिझोनातील फीनिक्स येथे झाले. टॅलिएसिनजवळ, आजोळच्या प्रार्थनामंदिराच्या आवारात त्यांचे दफन झाले. १९८५ मध्ये तिसऱ्या पत्नी ओल्गिव्हाना यांच्या इच्छेनुसार अवशेष काढून त्यांचे दहन करण्यात आले व रक्षा ॲरिझोनाला नेण्यात आली. याबद्दल विस्कॉन्सिनमध्ये तीव्र नाराजी व्यक्त झाली. २०१९ मध्ये टॅलिएसिनसह त्यांच्या आठ वास्तूंचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. आजोळच्या आवारातील त्यांच्या कबरीचा दगड अजूनही तेथेच आहे.