वाँटेज आणि चेल्टनहॅम : पंडिता रमाबाईंची विद्यार्थिदशा

पंडिता रमाबाईंचे चरित्र म्हटले की शारदा सदन, केडगावचे मुक्तिसदन आणि दुष्काळात त्यांनी आसरा दिलेल्या मुली व स्त्रिया आपल्या नजरेसमोर येतात. त्यांच्या इंग्लंडमधील वास्तव्याचा उल्लेख बहुधा धर्मांतराच्या एखाद्या वाक्यात आटोपतो. या पाठात आपण मे १८८३ ते फेब्रुवारी १८८६ या पावणेतीन वर्षांकडे एका प्रौढ विद्यार्थिनीच्या आयुष्याचा काळ म्हणून पाहणार आहोत. दुसऱ्याच्या घरी राहून, दुसऱ्याच्या अन्नावर शिकणाऱ्या माणसाला स्वतःच्या बुद्धीने विचार करण्याचा अधिकार कितपत उरतो, हा प्रश्न या काळात त्यांच्यापुढे वारंवार उभा राहिला.

आधीचे आयुष्य आपल्या परिचयाचे आहे, म्हणून ते थोडक्यात पाहू. रमाबाईंचा जन्म १८५८ मधला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले आणि लोकापवाद ओढवून घेतला. रमाबाईंना संस्कृतचे पाठ मिळाले ते या आईकडून. पुराणे सांगत देशभर हिंडणाऱ्या या कुटुंबातील आईवडिलांना दुष्काळाने नेले. बंधू श्रीनिवास यांच्यासह त्या १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या आणि तेथील विद्वानांनी त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. पुढे भाऊ गेला, विवाह झाला, मुलगी झाली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने वारले. त्याच वर्षी पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना या देशाला स्त्री-डॉक्टरांची गरज असल्याचे आग्रहाने मांडले. आपणही वैद्यकाचे शिक्षण घ्यावे, हा त्यांचा मनोदय होता.

पुण्यात काम करणाऱ्या अँग्लिकन पंथाच्या भगिनींचा मूळ मठ इंग्लंडमधील वाँटेज या लहान गावी होता. त्यांच्याशी बोलणे होऊन एक देवघेव ठरली. हिंदुस्थानात येऊ घातलेल्या भगिनींना रमाबाईंनी मराठी शिकवावी आणि मठाने त्यांच्या राहण्या-शिकण्याची सोय करावी. प्रवासखर्चाला ‘स्त्रीधर्मनीति’ या पुस्तकाच्या विक्रीचा पैसा उपयोगी पडला. ही बाब किरकोळ समजू नये. दान घेऊन परदेशी जाणे वेगळे आणि मोबदला ठरवून जाणे वेगळे. हा भेद रमाबाई पुढेही विसरल्या नाहीत. एप्रिल १८८३ मध्ये दोन वर्षांची मनोरमा आणि सहकारी आनंदीबाई भगत यांना घेऊन त्यांनी मुंबई सोडली. त्या प्रवासाची हकिगत त्यांनी ‘इंग्लंडचा प्रवास’ या नावाने मराठी वाचकांसाठी लिहिली.

वाँटेजचे जीवन प्रार्थनेच्या वेळांना बांधलेले होते. दोन धक्के तेथे लागोपाठ बसले. रमाबाईंना कमी ऐकू येत असे आणि त्यामुळे वैद्यकाच्या अभ्यासाचा विचार सोडावा लागला. ज्यासाठी समुद्र ओलांडला तेच दार बंद झाले. दुसरा धक्का त्याहून भयंकर होता. आनंदीबाई भगत यांनी मठातच आत्महत्या केली. परक्या देशात मराठी बोलणारे एकच मोठे माणूस सोबतीला होते, तेही गेले. त्याच वर्षी, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. मायदेशी यावर टीकेचे मोहोळ उठले. त्यांच्या निर्णयामागे नीळकंठशास्त्री ऊर्फ नेहेम्या गोरे यांच्या लेखनाचा प्रभाव होता. लंडनमध्ये फुलहॅम येथे समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी भगिनींनी चालविलेले काम पाहून त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला होता. एकट्या पडलेल्या मनाची अवस्थाही यात किती होती, हे ठरविण्याची घाई अभ्यासकाने करू नये.

१८८४ पासून रमाबाई चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात राहू लागल्या. मुख्याध्यापिका डोरोथिया बील या स्त्रीशिक्षणाच्या इतिहासातील मोठे नाव. तेथे रमाबाई गणित, निसर्गविज्ञान, इंग्रजी साहित्य आणि ग्रीक शिकत आणि संस्कृत शिकवीत. विद्यार्थिनी आणि शिक्षिका अशा दोन्ही भूमिका एकाच इमारतीत सांभाळणाऱ्या या बाईंचे मन मात्र अर्धे वाँटेजला असे, कारण लहानगी मनोरमा भगिनींपाशी होती.

वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांना रमाबाई आपली आध्यात्मिक माता मानीत. या मातेशीच त्यांचे वाद सुरू झाले. कारणे वरवर पाहता क्षुल्लक वाटतील. रमाबाई शाकाहारी राहिल्या. अंडी घातलेले पुडिंगही त्यांना नको असे. भगिनींना त्यात जातीचा अहंकार दिसला. क्रूसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, असे रमाबाईंनी विचारले. पुढे वाद त्रैक्याच्या सिद्धान्तापर्यंत गेला. ख्रिस्ताला मानणे म्हणजे चर्चने सांगितलेला प्रत्येक शब्द मानणे नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. मनोरमेला कोणती धर्ममते शिकवावीत, हेही आईच ठरवील असे त्यांनी बजावले. मिस बील यांचा सूर यात निराळा होता. त्या शंकांना उत्तरे देत, वाट पाहत.

शिकवण्यावरूनही वाद झाला. हिंदुस्थानात जाणाऱ्या इंग्रज तरुणांना रमाबाईंनी तेथील भाषा शिकवाव्यात, असा बेत निघताच लाहोर व मुंबई येथील बिशपांनी हरकत घेतली. स्त्रीने पुरुषांना शिकविल्यास मायदेशी तिचा प्रभाव ओसरेल, असे त्यांना वाटे. रमाबाईंना हे अजब वाटले. देशभर पुरुषांच्या सभांतून त्या बोलत आल्या होत्या, आणि जी बंधने त्यांच्या वडिलांनीही घातली नव्हती ती इंग्लंडात बसून स्वीकारण्याची त्यांची तयारी नव्हती. तो बेत मात्र तडीस गेला नाही.

हा सगळा झगडा आज आपल्याला कळतो तो पत्रांमुळे. ती पत्रे जपून ठेवून त्यांचे संकलन केले सिस्टर जेराल्डिन यांनीच, आणि महाराष्ट्र राज्य साहित्य-संस्कृती मंडळाने ती १९७७ मध्ये प्रकाशित केली. ज्या शिष्येशी मतभेद झाले तिचे रोखठोक शब्द त्यांनी नष्ट केले नाहीत, याची नोंद करणे न्याय्य ठरेल.

फेब्रुवारी १८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई मनोरमेसह फिलाडेल्फियास निघाल्या. स्वतःला न मिळालेली पदवी आपल्या देशभगिनीला मिळताना पाहण्यासाठी केलेला तो प्रवास होता. थोड्या दिवसांचा बेत होता, मुक्काम मात्र १८८८ पर्यंत लांबला. तेथे मिळविलेल्या साहाय्यावर मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले.

चेल्टनहॅमच्या अभ्यासातील एक विषय मात्र त्यांना अखेरपर्यंत पुरला. उतारवयात हिब्रू आत्मसात करून, आणि तरुणपणी शिकलेल्या ग्रीकचा आधार घेऊन, त्यांनी बायबलचे मूळ भाषांतून साध्या मराठीत भाषांतर केले. केडगावच्या छापखान्यात त्याचे काम मुक्तिसदनातील स्त्रियाच करीत. ते भाषांतर पुरे होत आले असताना, १९२१ मध्ये, मनोरमा वारली; ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या.