विनू मंकड : एका शब्दात अडकलेले नाव

ज्या शहरात आपल्या मंडळाने पन्नास वर्षे मराठीचा दिवा तेवत ठेवला, त्याच शहरातील चेपॉकच्या मैदानावर १९५२ च्या फेब्रुवारीत भारताने कसोटी क्रिकेटमधील आपला पहिला विजय मिळवला. भारताचा तो पंचविसावा कसोटी सामना. कर्णधार होते सांगलीत जन्मलेले विजय हजारे; आणि इंग्लंडचे बारा फलंदाज ज्यांनी बाद केले ते होते मूळवंतराय हिम्मतलाल ऊर्फ विनू मंकड. पहिल्या डावात ५५ धावांत आठ आणि दुसऱ्यात ५३ धावांत चार बळी. त्या सामन्यात यष्टिरक्षक खोकन सेन यांनी पाच फलंदाजांना यष्टिचीत केले व त्यांतील चार पहिल्या डावात मंकड यांच्याच चेंडूंवर पुढे सरसावले होते.

हा तपशील वाचकांनी ध्यानात ठेवावा, अशी आमची विनंती आहे. पुढे त्याची गरज पडणार आहे.

मंकड यांचा जन्म १२ एप्रिल १९१७ रोजी जामनगरचा. ज्या संस्थानाने रणजितसिंह व दुलीपसिंह यांच्यासारखे फलंदाज क्रिकेटला दिले, त्या नवानगरात त्यांचे बालपण गेले. ससेक्सचे व्यावसायिक खेळाडू बर्ट वेन्सली यांनी त्यांच्या गोलंदाजीला वळण लावले. १९३६-३७ मध्ये नवानगरने रणजी करंडक जिंकला आणि पुढच्याच हिवाळ्यात लॉर्ड टेनिसन यांचा संघ भारतात आला, तेव्हा अनधिकृत कसोटींत फलंदाजी व गोलंदाजी या दोन्हींच्या सरासरीत वीस वर्षांचा हा तरुण अग्रभागी राहिला. मग महायुद्ध आले. खेळाडूच्या आयुष्यातील ऐन उमेदीची वर्षे त्यात गेली व पहिली कसोटी खेळावयास १९४६ साल उजाडले. त्या दौऱ्यात त्यांनी हजारावर धावा केल्या आणि शंभरावर बळीही घेतले.

पोटासाठी आपण जसे गाव सोडून आलो, तसेच त्यांनाही क्रिकेटसाठी अनेक प्रांतांचे पाणी प्यावे लागले. नवानगर, महाराष्ट्र, गुजरात, बंगाल, मुंबई, राजस्थान अशा कितीतरी संघांकडून ते खेळले. डावखुरी मंदगती फिरकी आणि उजव्या हाताची फलंदाजी हे भांडवल. संघाला गरज असेल त्या क्रमांकावर फलंदाजीला जावयाचे आणि कर्णधार थांब म्हणेपर्यंत चेंडू टाकावयाचे, ही त्यांची रीत.

आता सिडनी. १९४७-४८ चा ऑस्ट्रेलियाचा दौरा हा स्वतंत्र भारताचा पहिला दौरा. नोव्हेंबरमध्ये सिडनीला ऑस्ट्रेलियन इलेव्हनशी सामना झाला. ब्रॅडमन यांनी आपले शंभरावे शतक झळकावले ते याच सामन्यात. बिल ब्राऊन हा फलंदाज गोलंदाजाच्या टोकाला असताना चेंडू सुटण्यापूर्वीच क्रीज सोडून पुढे निघत असे. मंकड यांनी त्याला आधी ताकीद दिली. तरीही तो निघाला, तेव्हा त्यांनी चेंडू हातातच ठेवून बेल्स उडवल्या. महिनाभरानंतर, १३ डिसेंबरला, त्याच मैदानावर दुसऱ्या कसोटीत ब्राऊन १८ धावांवर असताना पुन्हा तसाच पुढे गेला आणि पुन्हा तसाच धावचीत झाला. या वेळी नवी ताकीद नव्हती.

नियम अगदी स्पष्ट होता व पंचांनी निर्णय दिला. परंतु ऑस्ट्रेलियातील काही वृत्तपत्रांना ते खिलाडूवृत्तीला सोडून वाटले. तेथूनच अशा रीतीने बाद होण्याला 'मंकडेड' हा शब्द रूढ झाला आणि तोंडोतोंडी जगभर गेला. ज्याने आगळीक केली त्याचे नाव कोणी क्रियापदाला दिले नाही. ज्याने ती दाखवून दिली त्याचे दिले. सुनील गावसकर यांनी पुढे हाच आक्षेप जाहीरपणे घेतला, आणि तो आम्हांस पूर्णपणे पटतो.

त्या वादात मंकड यांच्या बाजूने उभे राहिले ते दस्तुरखुद्द प्रतिपक्षाचे कर्णधार. ब्रॅडमन यांनी आपल्या आत्मचरित्रात मंकड यांना दोष देण्यास नकार दिला. चेंडू सुटेपर्यंत फलंदाजाने क्रीजमध्ये राहावे यासाठीच तर तो नियम आहे, आणि लवकर निघणारा फलंदाज गैरवाजवी फायदा उपटतो, असे त्यांचे म्हणणे. सामना चालू असलेल्या देशाच्या कर्णधाराने, स्वतःच्या सलामीच्या फलंदाजाविरुद्ध असे लिहावे, ही खिलाडूवृत्ती आम्हांला त्या सगळ्या अग्रलेखांपेक्षा मोलाची वाटते.

आता चेपॉककडे वळू. खोकन सेन यांनी पाच जणांना यष्टिचीत केले तेव्हा त्यांपैकी कोणाला आधी ताकीद दिली होती काय? पुढे गेलास तर बेल्स उडवीन, असे यष्टिरक्षक कधी सांगतो काय? क्रीज सोडणारा फलंदाज धोका पत्करतो, हे तेथे सर्वांस मान्य आहे. मग दुसऱ्या टोकाला तोच न्याय का नसावा? तेथे तर फलंदाज चेंडू खेळावयास नव्हे, एक पाऊल चोरावयास निघालेला असतो.

मात्र आमच्यात याबाबत एकमत आहे असे नाही. मंडळाच्या वार्षिक सामन्यात एकदा असाच प्रसंग आला होता आणि त्या दिवशीचे श्रीखंड दोन तट पडूनच खाल्ले गेले. विरुद्ध बाजूचे मित्र १९८७ च्या विश्वचषकातील लाहोरचा दाखला देतात. शेवटच्या षटकात वेस्ट इंडीजच्या कोर्टनी वॉल्श यांनी क्रीजबाहेर गेलेल्या सलीम जाफरला बाद न करता नुसते सावध केले. पाकिस्तानने एका गड्याने सामना जिंकला आणि वेस्ट इंडीज उपांत्य फेरीत पोहोचू शकला नाही. वॉल्श यांच्या मोठेपणाविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. पण तो मोठेपणा होता, दान होते. दान न देणाऱ्याला कंजूष म्हणता येईल फार तर; लबाड कसे म्हणावे? आणि मंकड यांनी तर पहिल्या खेपेस तेही दान ब्राऊनच्या पदरात टाकले होते. कसोटीच्या वेळी आणखी एकदा सांगितले असते तर बरे दिसले असते, एवढे आम्ही मान्य करतो. त्याच दौऱ्यात लिंडवॉलसारख्या गोलंदाजापुढे मेलबर्नला त्यांनी दोन कसोटी शतके काढली, हे मात्र त्या शब्दाच्या धुरळ्यात किती जणांस ठाऊक आहे?

खिलाडूवृत्तीची परीक्षा घ्यावयाची तर आम्ही १९५२ च्या जूनकडे बोट दाखवू. इंग्लंडच्या दौऱ्यासाठी निवड होईलच अशी हमी न मिळाल्याने मंकड यांनी लँकेशायर लीगमधील हॅसलिंग्डन क्लबशी करार केला होता. लीड्सच्या पहिल्या कसोटीत दुसऱ्या डावात भारताचे चार गडी शून्यावर बाद झाले आणि मग मंकड यांची आठवण झाली. क्लबकडे रदबदली करून त्यांना लॉर्ड्सवर आणण्यात आले. दुसऱ्या एखाद्याने पूर्वीचा अवमान बोलून दाखवला असता. मंकड यांनी सलामीला जाऊन ७२ धावा केल्या, त्यानंतर ७३ षटके टाकून १९६ धावांत पाच बळी घेतले, आणि मग पुन्हा सलामीला जाऊन १८४ धावा काढल्या. दुसऱ्या डावात आणखी २४ षटके टाकली. भारत आठ गड्यांनी हरला. तरी तो सामना आजही मंकड यांच्याच नावाने ओळखला जातो.

पुढचे थोडक्यात. १९५६ च्या जानेवारीत याच मद्रासमध्ये, कॉर्पोरेशन स्टेडियमवर, न्यूझीलंडविरुद्ध त्यांनी २३१ धावा केल्या व पंकज रॉय यांच्यासह ४१३ धावांची सलामी दिली. तो जागतिक विक्रम २००८ पर्यंत टिकला. चव्वेचाळीस कसोटींत २१०९ धावा आणि १६२ बळी अशी त्यांची एकूण कामगिरी. १९७३ मध्ये पद्मभूषण मिळाले. २१ ऑगस्ट १९७८ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. अशोक, अतुल आणि राहुल हे तिघेही पुत्र प्रथम दर्जाचे क्रिकेट खेळले.

नियमांच्या पुस्तकात अशा धावचीत होण्याचे कलम पुढे 'अनुचित खेळ' या प्रकरणात जाऊन बसले होते. १ ऑक्टोबर २०२२ पासून मेरिलबोन क्रिकेट क्लबने ते तेथून काढून 'धावचीत' या साध्या प्रकरणात हलवले. सिडनीच्या १९४७ च्या धावफलकावर ब्राऊनच्या नावापुढे पहिल्यापासून तेवढेच लिहिलेले आहे : धावचीत, १८.