वृक्षांची कुंडली मांडणारी विदुषी : डॉ. जानकी अम्माळ



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र असते. राणी लक्ष्मीबाई, अहिल्यादेवी, सावित्रीबाई, रमाबाई यांची चरित्रे आपण आवडीने वाचली. या वेळी एका अशा स्त्रीची ओळख करून द्यावी असे मी ठरविले, की जिने हाती तलवार धरली नाही, मोठी संस्था काढली नाही, तर सारे आयुष्य झाडांच्या सहवासात घालविले. शास्त्रज्ञांच्या जगात त्यांचे नाव मोठे आहे. आपल्या घराघरांत मात्र ते पोचलेले नाही. मी स्वतः सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. शास्त्रातले सगळे मला कळते असा माझा दावा नाही. परंतु जे कळले ते इतके मनाला भिडले, की ते आपणा सर्वांपुढे ठेवल्यावाचून राहवले नाही.

जानकी अम्माळ यांचा जन्म 4 नोव्हेंबर 1897 रोजी मलबारातील तेल्लिचेरी या गावी झाला. आपल्याकडे मानाने बाई म्हणतात, तसे तिकडे अम्माळ म्हणतात. म्हणून मी त्यांना जानकीबाईच म्हणते. वडील ई. के. कृष्णन हे न्यायखात्यात सबजज्ज होते. त्यांना बागेचा आणि पक्ष्यांचा फार नाद. आईचे नाव देवी. वडिलांच्या दोन विवाहांची मिळून घरात 19 भावंडे होती. एवढ्या गोकुळात एका मुलीकडे कोण लक्ष देणार, असे आपल्याला वाटेल. पण वडिलांच्या बागेत झाडांची नावे शिकता शिकता या मुलीला झाडांचे जे वेड लागले, ते अखेरपर्यंत सुटले नाही.

गावच्या कॉन्व्हेंट शाळेत शिक्षण झाल्यावर त्या मद्रासला गेल्या. तेथील क्वीन मेरीज कॉलेज आणि पुढे प्रेसिडेन्सी कॉलेज येथे वनस्पतिशास्त्र शिकून 1921 साली त्यांनी ऑनर्सची पदवी घेतली. नंतर मद्रासच्याच विमेन्स ख्रिश्चन कॉलेजात त्या शिकवू लागल्या. याच सुमारास घरी लग्नाचा विषय निघाला. नात्यातलेच स्थळ होते. त्याच वेळी अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाची, आशियातील मुलींसाठी असलेली बार्बर शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. एकीकडे बोहले, दुसरीकडे बोट. जानकीबाईंनी बोट पत्करली आणि 1924 साली त्या अमेरिकेला गेल्या. पुढेही त्यांनी लग्न केले नाही.

भगिनींनो, संसार सोडून विद्या करावी असे मी मुळीच म्हणत नाही. पण आमच्या आळीत दर उन्हाळ्यात एक प्रश्न येतोच, मुलीला पुढे परगावी शिकायला पाठवावे की नाही? यंदा तो माझ्याच घरात आला आहे. अशा वेळी मला वाटते, की शंभर वर्षांपूर्वी साता समुद्रापलीकडे जाणाऱ्या मुलीच्या घरच्यांनी तिच्या वाटेत आडकाठी घातली नाही, एवढे तरी आपण ध्यानात घ्यावे.

मिशिगनला त्यांनी वनस्पतींच्या गुणसूत्रांचा अभ्यास केला व 1931 साली डॉक्टरची पदवी मिळविली. वनस्पतिशास्त्रात अशी पदवी मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते. त्यांनी तेथे वांग्याचा संकर करून एक नवे वाणही तयार केले. ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. ज्या भाजीला आपण रोज फोडणी घालतो, तिच्यातही एवढे शास्त्र दडलेले आहे!

आता ही गुणसूत्रे म्हणजे काय ते मला समजले तसे सांगते. प्रत्येक सजीवाच्या शरीरात अतिसूक्ष्म पेशी असतात. पेशीच्या आत धाग्यासारख्या गाठी असतात. झाड उंच होणार की बुटके, फळ गोड की तुरट, कीड लागली तर टिकणार की मरणार, हे सारे आईबापांकडून त्या धाग्यांतून उतरते. जणू ती झाडाची जन्मकुंडलीच. आणि प्रत्येक जातीत या धाग्यांची संख्या ठरलेली. माणसात 46, वांग्यात 24, कांद्यात 16, गव्हात 42. सूक्ष्मदर्शकाखाली हे धागे मोजायचे, हे मोहरीवर नक्षी काढण्याइतके चिकाटीचे काम. जानकीबाईंनी ते साठ वर्षे केले.

मायदेशी आल्यावर दोन वर्षे त्रिवेंद्रमच्या महाराजा कॉलेजात त्यांनी शिकविले आणि 1934 साली त्या कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात दाखल झाल्या. हे केंद्र आपल्या शेतकरी घरांना परके नाही. उसाच्या वाणांना चारशे एकोणीस, सातशे चाळीस असे नंबर असतात आणि त्यांच्या आधी ‘को’ हे अक्षर येते. ते ‘को’ म्हणजे कोइमतूर. मूळ गोड जाड ऊस नाजूक. रोगाला, थंडीला, पाण्याच्या ताणाला टिकत नाही. नदीकाठी पांढरे तुरे मिरविणारे एक रानगवत असते, त्याला पुष्कळ ठिकाणी कास म्हणतात. ते उसाचेच रानटी भावंड. त्यात गोडी नाही, पण अंगी काटकपणा भरपूर. या दोहोंचा संकर करून कोइमतूरच्या शास्त्रज्ञांनी 1918 साली पहिले वाण शेतकऱ्यांना दिले होते. जानकीबाईंनीच उसात गोडी आणली असे कोणी कोणी सांगतात, ते तसे नाही. त्यांचे काम या पायाखालचे होते. रानगवताच्या निरनिराळ्या जातींत गुणसूत्रे किती, कोणत्या जातीशी उसाचे जमेल, हे त्यांनी शोधले. आणि उसाचा संकर मक्याशी व इतर गवतांशीही करून पाहिला. थोडक्यात, सोयरीक जुळविण्याआधी पत्रिका बघण्याचे काम त्यांनी केले.

या कामातले एक मर्म मला फार महत्त्वाचे वाटते. शेतातल्या लाडावलेल्या पिकाला कीड लागली, रोग आला, की त्याला वाचविण्याचा गुण रानातल्या दुर्लक्षित भावंडाकडून आणावा लागतो. म्हणजे रान हे सर्व पिकांचे माहेर आहे. माहेरच उजाड झाले, तर अडचणीच्या वेळी धाव घ्यायची कोठे? जानकीबाईंचे पुढचे सारे आयुष्य मला या एका धाग्यात ओवलेले दिसते.

सर सी. व्ही. रामन यांनी स्थापिलेल्या भारतीय विज्ञान अकादमीने 1935 साली त्यांना फेलो म्हणून निवडले. तरी कोइमतूरला त्यांचे दिवस सुखाचे गेले नाहीत. त्या काळी मागास समजल्या जाणाऱ्या थिय्या समाजातील स्त्री, त्यातून एकटी, आणि पुरुषांच्या बरोबरीने शास्त्र करणारी. सहकाऱ्यांकडून त्यांना त्रास सोसावा लागला. 1939 साली एडिंबरो येथे आनुवंशिकीची जागतिक परिषद भरली, तिला त्या गेल्या. तेवढ्यात दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि त्या इंग्लंडातच राहिल्या.

लंडनजवळ जॉन इन्स नावाची बागकामाची मोठी संशोधन संस्था होती. तेथे त्यांना काम मिळाले. रात्री विमाने बाँब टाकीत. त्या पलंगाखाली आसरा घेत, आणि सकाळी मांडणीवरच्या फुटलेल्या काचा झाडून पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावीत, असे त्या पुढे मित्रमंडळींना सांगत. अशा दिवसांत त्यांनी डार्लिंग्टन या नामवंत शास्त्रज्ञाबरोबर लागवडीखालील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा मोठा कोश तयार केला. तो 1945 साली प्रसिद्ध झाला.

त्यानंतर विस्ली येथील रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या बागेत त्यांची नेमणूक झाली. संस्थेच्या पगारी शास्त्रज्ञांत त्या पहिल्या स्त्री होत. तेथे त्यांनी मॅग्नोलियाच्या झाडांवर काम केले. आपला सोनचाफा याच कुळातला. कोल्चिसीन नावाचे एक औषधी द्रव्य रोपाच्या कोंबाला लावले, की पेशी दुभंगताना गुणसूत्रे वेगळी होत नाहीत आणि त्यांची संख्या दुप्पट होते. मग काही वेळा पाने जाड व फुले मोठी येतात. हेच द्रव्य आपल्या कोकणातल्या कळलावीत असते, जिला गौरीचे हात असेही म्हणतात. तिचा कंद अत्यंत विषारी, म्हणून मुलांना त्यापासून दूर ठेवावे. जानकीबाईंच्या हातच्या रोपांतून विस्लीच्या टेकडीवर मॅग्नोलियाची झाडे वाढली, आणि त्यांतील एका वाणाला त्यांचेच नाव दिलेले आहे.

देश स्वतंत्र झाला. 1951 साली पंडित नेहरूंनी त्यांना बोलावून घेतले. 1890 साली स्थापन झालेले भारतीय वनस्पती सर्वेक्षण खाते मरगळले होते, त्याची घडी नव्याने बसवायची होती. आपल्या देशातील झाडांचे नमुने परक्यांनी गोळा करून विलायतेला नेले. आता आपल्या झाडांची मोजदाद आपल्या माणसांनी करावी, असा त्यांचा आग्रह होता. त्यांनी आराखडा तयार केला. पण 1954 साली खात्याचे प्रमुखपद त्यांना न देता मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातील फादर सांतापाव यांना देण्यात आले. फादर सांतापाव मूळचे स्पेनचे. खंडाळ्याच्या वनस्पतींवरचे त्यांचे काम आपल्या महाराष्ट्राने विसरू नये असेच आहे. तरी स्वतः मांडलेल्या घराची किल्ली दुसऱ्याच्या हाती गेली, हे जानकीबाईंना फार लागले. मात्र त्या रुसून बसल्या नाहीत. मध्यवर्ती वनस्पती प्रयोगशाळेचे काम त्यांनी सांभाळले, पुढे जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत गेल्या, आणि काही काळ आपल्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही त्यांनी काम केले.

या काळात त्या देशभर रानावनांतून हिंडल्या. हिमालयाच्या कोरड्या वायव्य भागापेक्षा दमट ईशान्य भागात झाडांच्या नव्या जाती अधिक झपाट्याने उपजतात आणि त्याचे कारण गुणसूत्रांची वाढलेली संख्या, असा त्यांचा निष्कर्ष होता. एकदा मॅग्नोलियाच्या एका दुर्मिळ जातीचे त्या भागातले एकमेव झाड पाहण्यासाठी त्या शिलाँगहून 37 मैल, म्हणजे जवळजवळ 60 किलोमीटर गेल्या. जाऊन पाहतात तो झाड जळून गेलेले! धान्य पिकविण्यासाठी रान तोडण्याचा तो काळ होता. 1955 साली अमेरिकेत प्रिन्सटन येथे, माणसाने पृथ्वीचे रूप कसे पालटले या विषयावर मोठी परिषद भरली. तिला बोलावलेल्या विद्वानांत एकट्या जानकीबाईच स्त्री होत्या. रानाच्या आधाराने जगणाऱ्या भारतातील आदिवासींची बाजू त्यांनी तेथे मांडली.

1970 साली त्या मद्रासला स्थायिक झाल्या. या वयात माणूस नातवंडांत रमतो. जानकीबाईंच्या वाट्याला आणखी एक लढा होता. केरळात पालघाट जिल्ह्यात सायलेंट व्हॅली नावाचे घनदाट अरण्य आहे. तेथील लोक त्याला सैरंध्रीवन म्हणतात आणि त्यातून वाहणाऱ्या नदीला कुंतीचे नाव आहे. या नदीवर धरण बांधून वीज काढायची योजना 1973 साली मंजूर झाली. अरण्याचा गाभा पाण्याखाली जाणार होता. शास्त्र साहित्य परिषदेने गावोगाव जागृती केली, कवी, शिक्षक, विद्यार्थी पुढे आले. जानकीबाई त्या वेळी ऐंशीच्या घरात होत्या. या अरण्यातल्या झाडांच्या गुणसूत्रांची पाहणी त्यांनी अंगावर घेतली. अरण्य बुडण्यापूर्वी निदान त्याची कुंडली तरी नोंदली जावी, हा हेतू. वीज दुसरीकडूनही मिळेल. हजारो वर्षांत घडलेली झाडाची जात एकदा गेली की ती कोणत्याच प्रयोगशाळेत परत घडत नाही, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

शेवटी 1983 साली धरणाची योजना सोडून देण्यात आली आणि 15 नोव्हेंबर 1984 रोजी ते अरण्य राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाले. पण तो दिवस जानकीबाईंना दिसला नाही. त्याच वर्षी 7 फेब्रुवारीला, मद्रासजवळ मदुरवायल येथील आपल्या प्रयोगशाळेतच काम करता करता त्यांचे निधन झाले. वय 86 होते. साधी साडी, मोजक्या गरजा, भोवती औषधी झाडे आणि मांजरांचा मोठा परिवार, असा त्यांचा अखेरचा संसार होता. सरकारने 1977 साली त्यांना पद्मश्री दिली होती. जम्मूच्या वनस्पतिसंग्रहालयाला त्यांचे नाव आहे, आणि एका पिवळ्या गुलाबालाही.

भगिनींनो, या चरित्रातून मी माझ्यापुरते दोन बोध घेतले. एक असा, की हक्काचे मोठेपण दुसऱ्याला मिळाले तरी हातातले काम खाली ठेवू नये. आणि दुसरा असा, की झाड लावणे पुण्याचे खरे, पण आहे ते राखणे त्याहून मोठे. आपले मंडळ दर पावसाळ्यात रोपे वाटते, ते चालूच राहावे. त्याबरोबर आपल्या परिसरात कोणती जुनी झाडे उरली आहेत, त्यांची नावे काय, त्यांचा उपयोग काय, हे घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना विचारून एका वहीत उतरविण्याचे काम यंदा हाती घ्यावे, अशी माझी नम्र सूचना आहे. त्यासाठी सूक्ष्मदर्शक लागत नाही. सातवी शिकलेल्या बाईलाही ते करता येईल, आणि पहिले पान लिहायला मी तयार आहे.