सिनेमाचे मेस्त्री : बाबूराव पेंटर



आपल्या झाडीपट्टीला नाटकाचे वेड किती आहे, हे मी सांगायला नको. दिवाळी झाली, धान निघाले, की गावोगाव मंडई भरते. वडशाच्या कंपन्या येतात आणि नाटक रात्रभर चालते. माझे बाबा सुतार आहेत. मंच उभारायला गावकरी दरवर्षी त्यांनाच बोलावतात. मी मंचामागे बसून पडदे बघत असते. एका पडद्यावर राजवाडा, तर दुसऱ्यावर घनदाट अरण्य! असेच नाटकाचे पडदे रंगवता रंगवता एक माणूस सिनेमा तयार करायला शिकला. त्याने आपल्या गावाला शिकवले आणि पुढे महाराष्ट्राला शिकवले. ते होते कोल्हापूरचे कलामहर्षी बाबूराव पेंटर.

पण त्यांचे चरित्र सांगण्याआधी आमची फजिती सांगते.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही पाच-सहा जणांनी बाबांच्या मोबाइलवर सिनेमा काढायचे ठरवले. गोष्ट होती मोहफुले वेचायला गेलेल्या मुलीची आणि वाघाची. मग काय, मोबाइल ज्याला त्याला आपल्याच हातात हवा! वाघ व्हायला सगळे तयार, पण जंगल दाखवायला फांद्या आणायच्या तर कोणीच उठेना. मोहफुले वेचणारी मुलगी माझी मैत्रीण होणार होती. दुसऱ्या दिवशी तिला घरून मनाई झाली. लोक नावे ठेवतील, असे घरच्यांना वाटले. झाले! आमचा सिनेमा दोन दिवसांत बुडाला. गुरुजींना हे कळले तेव्हा ते रागावले नाहीत. त्यांनी मला बाबूरावांविषयी वाचायला दिले.

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. त्यांचे आडनाव मेस्त्री. घराण्यातच हाताची कारागिरी होती. चित्रकला ते स्वतःच्या मेहनतीने शिकले. आनंदराव नावाचे त्यांचे नात्यातले भाऊ होते. तेही तसेच गुणी. हे दोघे भाऊ मिळून संगीत नाटकांचे पडदे रंगवीत. त्यांच्या पडद्यांची कीर्ती इतकी पसरली, की लोक मेस्त्री हे आडनाव विसरले आणि त्यांना पेंटर म्हणू लागले.

सन १९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट दाखवला. या दोन्ही भावांना त्या हलत्या चित्रांनी झपाटून टाकले. आपणही असा चित्रपट काढायचा, असे त्यांनी ठरवले. पण कॅमेरा कुठून आणायचा? तो परदेशातून यायचा आणि फार महाग असायचा. तेव्हा कॅमेरा आपणच घडवायचा, असा त्यांनी निश्चय केला. पैसा मिळावा म्हणून ते लोकांना सिनेमाचे खेळ दाखवीत आणि उरलेल्या वेळात यंत्राशी झटत.

मित्रांनो, तेव्हाचा कॅमेरा म्हणजे मोबाइल नव्हे बरं का! आत फिल्मची लांब पट्टी असे. तिच्या कडेला बारीक भोके असत. हाताने दांडा फिरवला, की पट्टी भिंगासमोर क्षणभर थांबायची, चित्र उमटायचे, आणि पट्टी पुढे सरकायची. एका सेकंदात असे अनेकदा व्हायला हवे. पट्टी जरा हलली तरी चित्र पुसट होई. हे सगळे दाते आणि चाके अचूक बसवायचे, म्हणजे केवढे बारीक काम!

हे काम चालू असतानाच, १९१६ साली, आनंदराव वारले. बाबूरावांचा उजवा हातच गेला. दुसरा कोणी असता तर त्याने नाद सोडला असता. पण बाबूरावांनी विष्णुपंत दामले या आपल्या शिष्याला बरोबर घेतले. गुरुशिष्यांनी खटपट चालूच ठेवली आणि १९१८ साली कॅमेरा चालू केला. मी हे वाचून दाखवले तेव्हा माझे बाबा रंधा मारायचे थांबले आणि त्यांनी तो भाग मला पुन्हा वाचायला लावला.

पुढे बाबूरावांनी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. पैशाचे काय? तानीबाई कागलकर या गायिकेने मदत केली. माणसे कुठली? गावातलीच. दामले होते, फत्तेलाल होते. शांताराम वणकुद्रे नावाचा एक तरुणही आला. तोच पुढे व्ही. शांताराम म्हणून जगप्रसिद्ध झाला. या लोकांनी सिनेमाची शाळा कधी पाहिली नव्हती. ती कंपनी हीच त्यांची शाळा झाली.

त्यांना आधी 'सीता स्वयंवर' काढायचा होता, पण सीता व्हायला एकही बाई मिळेना. त्या काळी बाईने असे काम करणे समाजाला मंजूर नव्हते. फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटात तर तारामती राणीचे काम एका पुरुषानेच केले होते. शेवटी कोल्हापूरच्या कंपनीत गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघी धीर करून पुढे आल्या. लोकांनी त्यांना वाळीत टाकले, तेव्हा त्यांना कंपनीच्या जागेतच आसरा घ्यावा लागला. सन १९२० मध्ये 'सैरंध्री' पुण्यात लागला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. भीमाने केलेला कीचकाचा वध इतका खरा वाटला, की बघणारे घाबरून गेले. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना सिनेमा केसरी ही पदवी दिली. मला मात्र वाटते, की त्या मानात गुलाबबाई आणि अनसूयाबाई यांचाही वाटा होता. त्या पुढे आल्या नसत्या, तर कॅमेरा असून काय उपयोग?

बाबूराव नुसत्या रंगवलेल्या पडद्यांवर थांबले नाहीत. त्यांनी खऱ्यासारखे वाडे आणि दालने उभारली. चित्रपटांच्या जाहिरातीची चित्रेही ते स्वतः रंगवीत. सन १९२३ च्या 'सिंहगड' मध्ये त्यांनी दिव्यांच्या उजेडात चित्रण केले. सन १९२५ मध्ये 'सावकारी पाश' आला. त्यात देव नाहीत, राजे नाहीत. सावकाराच्या कर्जापायी जमीन गमावून शहरात मजुरीला जाणारा एक शेतकरी आहे. ते काम शांतारामांनी केले. तो मूकपट होता, म्हणजे त्यात आवाज नव्हता. तरी शेतकऱ्याचे दुःख लोकांना समजत होते. पण प्रेक्षकांना पौराणिक कथांची सवय होती. त्यामुळे हा चित्रपट फारसा चालला नाही. आज मात्र जाणकार त्याला फार मान देतात.

पुढची गोष्ट जरा दुःखाची आहे. सन १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर कंपनी सोडून गेले. सीतारामपंत कुलकर्णी यांना सोबत घेऊन त्यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. पुढे बोलपट आले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली. बाबूरावांनी नंतरही काही चित्रपट केले, पण त्यांचा जीव चित्रांत आणि पुतळ्यांत अधिक रमला. दिनांक १६ जानेवारी १९५४ रोजी त्यांचे निधन झाले.

मग त्यांचे कार्य वाया गेले का? मुळीच नाही. दामले आणि फत्तेलाल यांनी १९३६ साली 'संत तुकाराम' काढला. इटलीतल्या व्हेनिस शहराच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. प्रभात पुण्याला गेली, आणि तिच्या जागेवर आज देशातील मोठी चित्रपट शिक्षण संस्था उभी आहे. म्हणजे शिष्य गेले, तरी विद्या वाढतच राहिली.

कोल्हापूर आपल्यापासून फार दूर, महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला आहे. पण आपल्याकडे काय कमी आहे हो? मंच बांधणारे सुतार आहेत, पडदे रंगवणारे पेंटर आहेत, गाणारे आणि वाजवणारे आहेत. आपल्या गडचिरोली जिल्ह्याचे झाडीपट्टी कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. कॅमेरा घडवायला बाबूरावांना वर्षे लागली. आपल्याकडे तो घरोघरी आहे. जे कमी पडले, ते आमच्या मनात कमी पडले. आम्ही एकमेकांचे ऐकले नाही.

यंदा धान निघाल्यावर आम्ही पुन्हा सुरुवात करणार आहोत. मोबाइल पाळीपाळीने धरायचा, आणि ज्याला जे येते ते त्याने दुसऱ्याला शिकवायचे, असे ठरले आहे. फांद्या मीच आणीन. बाबा वाघाचा पिंजरा करून देणार आहेत.

फक्त मोहफुले वेचणाऱ्या मुलीची जागा अजून रिकामी आहे. ती आम्ही दुसऱ्या कोणाला दिलेली नाही. पालकसभेला माझ्या मैत्रिणीची आई येईल, तेव्हा तिने हा लेख शेवटपर्यंत वाचावा, एवढीच माझी विनंती आहे.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी